नीलम्माची विभूती

मित्रांनो, मी चिनीमातीचा एक जुना खल आहे. माझी कड एका बाजूने उडाली आहे आणि जोडीचा बत्ता केव्हाच हरवला. हल्ली माझ्यात कोणीही टाचण्या ठेवतं. पण एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या सुमाराला सोलापुरातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात माझा काय थाट होता म्हणून सांगू! पत्र्याच्या खोलीत तिथली प्रयोगशाळा होती आणि भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक मातीला आधी माझ्या पोटातून जावं लागे. मी स्वतः मातीचाच, आगीतून निघालेला. आपल्या जातभाईची पारख मला पोटातूनच व्हायची.

मला चालवायचे विरुपाक्ष, तिथले केमिस्ट. माणूस हुशार आणि टापटिपीचा. वाळलेली माती ते माझ्यात घोटत आणि काचेच्या नळीने तिच्यावर ॲसिडचे थेंब सोडत. माती गप्प राहिली तर ठीक. फसफसली तर आत चुना आहे असं समजायचं. चुन्याचे खडे भारी लबाड! भट्टीतून ते गुपचूप बाहेर पडतात, टाइल छान दिसते, आणि पुढे ओल लागली की फुगून तिचा टवका उडवतात. म्हणून फसफस दिसली की ढिगाच्या दुसऱ्या बाजूची माती आणून पूर्ण तपासणी करायची, असा नियम होता. त्यात सबंध दिवस मोडे.

मातीच्या पाट्या वाहायला नीलम्मा होती. नव्या मातीचा ट्रक रिकामा झाला की ती ढिगाला विभूती लावायची आणि "कापाडव्वा" म्हणून कानडीतून भूमीला सांभाळायला सांगायची. मग पूजेच्या जागेचीच माती वाटीत भरून तपासायला आणायची. शुभ माती आधी जावी, एवढंच तिच्या मनात.

एका शनिवारी बेळगावकडच्या नव्या खाणीची माती आली. बाळंतिणींच्या एका दवाखान्याचं काम घाईचं होतं. मालक चनबसप्पा दारातच उभे राहिले.

"विरुपाक्ष, भट्टी खोळंबलीय. माती कशी हाय?"

बत्त्याखाली बारीक खडे करकरले. मी ऐकलं तसं विरुपाक्षांनीही ऐकलं, कारण त्यांचा हात अडला. ॲसिड पडताच माती फसफसली.

"नीलम्माची विभूती आलीय यात. त्या राखेनं फसफसतंय," ते म्हणाले. "माती ठीक आहे, मालक."

मित्रांनो, विभूती पिठासारखी मऊ असते. ती कशाला करकरेल? हे विरुपाक्षांना चांगलं ठाऊक होतं. पण त्या दुपारी त्यांना अक्कलकोटला मुलगी बघायला जायचं होतं. मला जीभ असती तर मी तिथेच ओरडलो असतो.

पावसाळ्यात दवाखान्याच्या फरशीचे टवके उडाले. एका ओल्या बाळंतिणीचा पाय चिरला. मालक फुटकी टाइल घेऊन तणतणत आले.

"विभूती हाय म्हणून तुमीच म्हणाला हुता की! त्या बाईच्या राखेनं माजं नाव घालवलं!"

टवक्याखाली पांढरा खडा स्पष्ट दिसत होता. चिमूटभर विभूतीने ट्रकभर माती बिघडत नाही, हे सांगायला विरुपाक्षांना एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी मला उचललं आणि नळाखाली धरलं. नीलम्माला त्याच दिवशी कामावरून काढलं.

पुढे विरुपाक्षांचं लग्न ठरलं. त्यांनी साऱ्या कारखान्याला पेढे वाटले, पण स्वतःच्या तोंडाला एकही लावला नाही. धुतलेला मी पुन्हा पुन्हा धुतला जाई. नव्या ढिगाशी आता कोणी हात जोडत नव्हतं आणि खिडकीतून तिकडे नजर गेली की विरुपाक्षांचा घोटता हात थांबायचा. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

अखेर एका सकाळी त्यांनी त्या बेळगावकडच्या मातीच्या उरलेल्या ढिगाच्या तळाची माती स्वतः उकरून आणली आणि मालकांना बोलावलं.

"हिला विभूतीचा स्पर्शसुद्धा नाही, मालक."

ती माझ्यात करकरली आणि ॲसिडने फसफसली.

"चूक माझी होती. खडे मी त्याच दिवशी ओळखले होते."

मालक दाराकडे वळले. "आन् मी त्या बाईला..." त्यांनी लगेच माणूस धाडला.

नीलम्मा आली आणि दारातच थांबली. कपाळावर रोज दिसणारे विभूतीचे पट्टे नव्हते.

"अक्का, तुमच्या विभूतीनं काही झालं नव्हतं," विरुपाक्ष म्हणाले. "मातीच वाईट होती."

"काईच झालं न्हवतं?" तिने आपला तळवा पाहिला. "ह्या हातानं बाळंतिणीचं रगात काडलं म्हनून म्या इभूत लावायची सोडली, सायेब. नातवाचं बारसं झालं, त्येच्या कपाळाला बी लावली न्हाय. तुमाला तवाच ठावं हुतं?"

"हो," विरुपाक्ष म्हणाले.

तिने पदर डोळ्यांना लावला. शिव्या दिल्या असत्या तर विरुपाक्षांना बरं वाटलं असतं. मला तरी नक्कीच वाटलं असतं.

मित्रांनो, नीलम्मा कामावर परत आली आणि दवाखान्याला नवी फरशीही बसली. तुम्ही मात्र शंका आली की काम थांबवा, पुन्हा तपासा. थांबायचं राहिलंच, तर आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका, आणि मारली गेलीच तर लवकर तोंड उघडा. नातवाचं ते बारसं विरुपाक्षांना काही केल्या नीलम्माला परत देता आलं नाही.