नायलॉनची नस

सभागृहाबाहेर रांग लागली होती आणि रांगेतला जो तो कमरेवर हात ठेवून वाकडा उभा होता. कमरेतून निघून पोटरीपर्यंत कळ मारणाऱ्यांचा हा मेळावा. आत नसबाबा बसले होते. ते म्हणे दुखरी नसच उपटून काढत; ना चाकू, ना टाका. एवढा सिद्धपुरुष, पण स्वतःच्या अंगठ्याची जखम काही बरी होईना. महिनाभर त्यावर तीच मळकी पट्टी होती.

शिवणवाल्या मावशींना थोरल्या भावानं धरून आणलं होतं. दीड महिना त्यांचा उजवा पाय ठणकत होता, पण खरी भीती बसली ती गेल्या दोन दिवसांत. चालताना चप्पल सुटून मागं राहायची आणि पायाला पत्ताच नसायचा. मशीनचं पायडल चाललं नाही, तर आपण जगायचं कशावर, या विचारानं त्यांची झोप उडाली होती.

बाबांनी पोटरीवर तेल ओतलं, डोळे फिरवले आणि सांगितलं, "सात जन्मांचा गुंता आहे, बाई. सात नसा. दर आठवड्याला एक निघेल."

मग करकचून चिमटा काढून त्यांनी लालभडक, वीतभर नस ओढली. मंडळींनी हात जोडले. कळ गेली का, असं विचारल्यावर मावशी हो म्हणाल्या. चिमटाच असा जबर होता, की दुसरं काही जाणवत नव्हतं. नस पुडीत मिळाली. झाडाच्या मुळाशी पुरायची, उघडायची नाही.

पण चाळीस वर्षं शिवण केलेल्या हातांना हे कोण सांगणार? घरी पुडी उघडली आणि मावशींनी सवयीनं नसेचं टोक जिभेवर ओलं केलं, पीळ दिला आणि सुईत ओवलं. ओवल्यावर त्या दचकल्या. पीळ उलटा सोडला, तर तीन पदर निघाले, आतून पांढरे. दोरा पारखतात तसं टोक काडीपेटीच्या जाळावर धरलं. सुती असतं तर राख झाली असती. हे आक्रसून त्याचा कडक मणी झाला.

"दादा, माझी नस नायलॉनची निघाली," त्या म्हणाल्या.

दोघं तसेच परत गेले. रांग अजून होतीच. नवी पट्टी बांधून देते म्हणत मावशींनी बाबांचा अंगठा धरला आणि जुनीचं टोक ओढलं. जखम नव्हतीच. पट्टीच्या घडीत पुढच्या सहाजणांच्या नसा मात्र गुंडाळून तयार होत्या. बाबांना एकदम समाधी लागली.

"पण मला तर गुण आला," एकजण कुरकुरला.

त्याचं उत्तर मावशींना त्याच संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून मिळालं. मणक्यांमधली चकती सरकते, नसेच्या मुळाला दाबते आणि कळ पायात जाते. बहुतेकांचं दुखणं हिंडतंफिरतं राहून, व्यायामानं, काही आठवड्यांत ओसरतं. श्रेय तेवढं बाबा घेतात.

"पायात उतरणारी ही नस बोटाएवढी जाड असते, मावशी. खरंच उपटली असती, तर पाय कायमचा लुळा पडला असता. तुमच्या पायाची ताकद जातेय, तेव्हा तपासणी आजच."

तपासणी झाली, लहानशी शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी पायडल पुन्हा चालू लागलं. ती सुई मावशींनी दोऱ्यासकट भिंतीवर टोचून ठेवली आहे. कमरेवर हात ठेवून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या ती दाखवतात आणि सांगतात, "हात नंतर जोडा, आधी टोक शोधा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी दोन दिवस उशीर केला, तुम्ही करू नका."