चौथ्या वाहिनीची पाळी

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नरोलीतल्या एका कापड कारखान्यात रंगाईचे तीन नंबरचे मशीन थांबले. आतले चारशे मीटर कापड निम्मे निळे होऊन अडकले. संगणकात नोंद होती: थांबवण्याचा आदेश, रंगाई, दुर्गा.

ते मशीन चालवणारी दुर्गा शहाद्याची. तिची सहा महिन्यांची उमेदवारी संपत होती. कायम करण्याचे पत्र मॅनेजर माधव सरांच्या टेबलावर सहीसाठी आले होते. "आधी हे काय ते कळू दे," सर म्हणाले.

"मी बटनाला हात नाही लावला, सर. नमुना घेऊन खिडकीशी उभी होती, रंगाची छटा पाहत."

"मग नाव तुझं कसं?"

"ते मशीनला विचारा."

कारखान्याचा सर्व्हर जुन्या इमारतीत, मशीन नव्या शेडमध्ये. मधे एकच ऑप्टिकल फायबर. त्यातून चार वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश जातो, म्हणजे चार वाहिन्या. खाती मात्र पाच. म्हणून रंगाई आणि पॅकिंग चौथी वाहिनी आलटून पालटून वापरतात. कोणत्या मिनिटाला ती कोणाची, याचा तक्ता दोन्ही टोकांना लावलेला आहे. बदल दोन्हीकडे एकाच वेळी करायचा असतो.

शेडच्या टोकाला तंत्रज्ञ वाल्मिक बसतो, सर्व्हरच्या टोकाला पुण्याचा इंजिनियर आशिष. त्या सकाळी तक्ता वाल्मिकने मोडला होता.

"पॅकिंगवाले चहाला गेलते. वाहिनी रिकामी. पाटाचं पाणी शेजारी घेत नसला तर त्याची पाळी आपण लावतोच ना? दिली रंगाईला."

"आणि मला सांगितलं नाहीस," आशिष म्हणाला.

"ग्रुपवर टाकलं, साहेब."

"तो ग्रुप मी म्यूट केलाय. दिवसभर गुड मॉर्निंग चालू असतं."

दुर्गा म्हणाली, "वाल्मिकभाऊ, आमच्याकडं पाण्याचं बारं फिरवताना खालच्या शेतात माणूस पाठवतात. ग्रुप नाही."

आशिषने अंदाज मांडला. त्याच्या टोकाला वाहिनी पॅकिंगची, वाल्मिकच्या टोकाला रंगाईची. जुन्या इमारतीत बसणाऱ्या पॅकिंगच्या सोनीने तिथला सरकता पट्टा थांबवला असेल, आणि तो आदेश रंगाईच्या मशीनला जाऊन तिथे लॉगिन असलेल्या दुर्गाच्या नावावर पडला असेल. दुर्गाने पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

सोनीला बोलावले. "स्टॉप दाबलं, हो. चहाला जाताना, अकरा-पाचला. पट्टा लगेच थांबला. मी बघितला ना कॅमेऱ्यावर."

म्हणजे आदेश पोहोचायचा तिथे पोहोचला होता. मग मशीन पाच मिनिटांनी का थांबले? दोन्ही टोकांची घड्याळे तपासली. त्यांच्यात दोन मिनिटांचा फरक निघाला. पाचाचे तीन झाले किंवा सात, शून्य काही होईना.

दुपारी दोन वाजता दोन्ही टोके पुन्हा तक्त्यावर आणली. आशिषने सकाळचीच चूक मुद्दाम दोनदा करून पाहिली. मशीन थांबले नाही.

तीन वाजता पॅकिंग बंद झाले आणि सोनी सुरंगी गावातल्या आपल्या घरी गेली. साडेतीनला दुर्गाला पुन्हा सरांच्या खोलीत बोलावले. तिच्या जागी मशीनवर दुसरा कामगार भिका होता, स्वतःच्या नावाने लॉगिन करून.

तीन चाळीसला त्याचा फोन आला. मशीन थांबले होते.

सरांनी स्क्रीन उघडली. समोरच्या खुर्चीत दुर्गा हात मांडीवर ठेवून बसली होती. तीन चाळीसची नोंद अशी: थांबवण्याचा आदेश, रंगाई, दुर्गा.

पाच वाजेपर्यंत पत्रावर सही झालेली नव्हती.