न खेळलेल्या हंगामाची उत्तरपूजा

फाल्गुनातील त्या सकाळी मी संकल्प सांगू लागलो आणि ऋतूचा उच्चार करताना अडखळलो. पंचांगाप्रमाणे शिशिर होता, तर दक्षिण गोलार्धातल्या कॅसल हिलमधील माझ्या मुलाच्या घराबाहेर उन्हाळा नुकताच ओसरत होता. अखेर पंचांगाला प्रमाण मानून पुढे गेलो.

पूजा माझी सून विनिता हिच्या आग्रहाची होती. ती वेस्टमीडच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि सुटीच्या दिवशी बर्फावर हॉकी खेळणाऱ्या एका व्यावसायिक संघाचे दुखरे सांधे सांभाळते. संघाचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू व्हायचा होता, तो निर्विघ्न पार पडावा म्हणून ही पूजा. रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, ज्योत लावू देत नाहीत, म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावरच कलश स्थापन केला.

यजमानपदी संघाचा कर्णधार पॅट्रिक बसला. वसईच्या ख्रिस्ती घरातला हा गोलरक्षक अडतिशीला पोहोचला होता. आपल्याला हे चालेल ना, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की आजोबांच्या गावी नव्या होडीवर फादर पाणी शिंपडतात, मग हातात पाणी घ्यायला कसली हरकत. हा त्याचा शेवटचा हंगाम होता. त्यानंतर खेळ सोडण्याचा शब्द त्याने पत्नी रेनीला दिला होता. म्हणून मी संकल्पात म्हटले, हा हंगाम समाप्त होईपर्यंत देवतेने येथे वास करावा. पॅट्रिकने पळीभर पाणी ताम्हनात सोडले.

थोड्याच दिवसांत महामारीमुळे सर्व दारे मिटली. माझे परतीचे विमान रद्द झाले, मुलगा नंदू पॅरामॅटाच्या कचेरीऐवजी घरून काम करू लागला, आणि हंगाम स्थगित झाल्याचा निरोप आला. पुढे कळले की तो जुलैत होईल, मग लहान करून होईल, मग राज्यांच्या सीमा उघडल्या तर होईल. स्थापन केलेला कलश उत्तरपूजेवाचून हलवता येत नाही. नंदूला टेबल मिळेना. तो कपडे धुण्याच्या खोलीत यंत्रावर लॅपटॉप ठेवून मीटिंगा करू लागला. अण्णा, देवाला भाडेकरार करून दिलाय का, असे त्याने एकदा विचारले. मी रोज साखरेचा नैवेद्य दाखवीत राहिलो. जो सुरू झाला नाही तो संपणार कसा, हे मात्र मला कोणत्याही ग्रंथाच्या आठवणीतून उलगडेना.

पॅट्रिक मात्र दर शनिवारी पहाटे रिंक उघडे असले तर तेथे, नाहीतर स्वतःच्या गॅरेजमध्ये, पायांना जाड पॅड बांधून सराव करीत असे, असे विनिता सांगे.

सप्टेंबरात शेवटचा निरोप आला: हंगाम रद्द केलेला नाही, परंतु या वर्षी तो होणार नाही. मी ते वाक्य तीनदा वाचले, तरी त्याचा अन्वय लागेना.

त्याच दुपारी पॅट्रिक आणि रेनी आले. रेनी रुग्णालयातील कोविडच्या कक्षात परिचारिका होती. मास्कच्या दोऱ्यांचे वळ तिच्या गालांवर उमटले होते. दोघांत वाद चालला होता, आणि निवाडा माझ्याकडून हवा होता. संघ त्याला आणखी एक वर्ष थांब म्हणत होता. त्याचे म्हणणे, हंगाम झालाच नाही, तेव्हा शब्दाची मुदत भरलेली नाही. तिचे म्हणणे, वर्ष तर गेले.

मी पुष्कळ विचार केला. अर्धवट राहिलेल्या यज्ञाला प्रायश्चित्त सांगितले आहे. आरंभच न झालेल्याला काय, ते मला स्मरेना. मी तसे सांगितले. एवढेच ठाऊक होते की उत्तरपूजा यजमानाने मागावी लागते.

"मागितली तर हंगाम संपला?" पॅट्रिकने विचारले.

"संपला."

"आणि नाही मागितली तर, काका?"

"तर नंदू कपड्यांच्या यंत्रावरच बसेल."

तो हसला. त्याने रेनीकडे पाहिले.

ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुला सोड म्हणत नाही, पॅट. वॉर्डमध्ये मी दिवसभर लोकांना सांगते, थांबा, बघू, उद्या सांगू. घरी येऊन तेच ऐकायची ताकद नाही रे माझ्यात. काय ते एक सांग."

पॅट्रिक बूट काढून टेबलासमोर आला आणि तळहात पुढे केला. "करा, काका."

मी पळीने पाणी दिले, आणि पुन्हा अडखळलो. हंगाम समाप्त झाला, असे देवतेसमोर म्हणणे असत्य ठरले असते. झालाच नाही म्हणावे, तर सहा महिने तिला येथे कशासाठी बसवले? त्याच्या बोटांतून पाणी झिरपू लागले.

"काय झालं?" पॅट्रिकने विचारले.

"कोणता शब्द घालावा, ते कळत नाही."

"जे झालं तेच म्हणा ना. आम्ही वाट बघत होतो."

मी संस्कृतात तेवढेच म्हटले: हे सर्व जण प्रतीक्षा करीत होते, ती प्रतीक्षा आज पूर्ण होत आहे. त्याने पाणी सोडले. आता कलश किंचित हलवायचा, असे मी सांगितले, तेव्हा रेनीनेही त्याला हात लावला.

कलश हलला. पॅट्रिकने मात्र हात काढला नाही. "रेनी," त्याने विचारले, "आता शनिवारी पहाटे उठून मी करू काय?"