पेटीवरचे दोन नाग

२००६ च्या फेब्रुवारीत कासारसाईच्या पारावर सकाळी नवालाच पाय ठेवायला जागा नसायची. निम्मी गर्दी सुतारांची. हिंजवडीच्या नव्या फ्लॅटांत कपाटं बसवणारी ही माणसं, हातात बॅटरीवरचं ड्रिल आणि बॅटरी मेलेली. पिंपळाला टेकून भैरू महाराज एका लाकडी पेटीवर बसलेले, पेटीवर भगवं कापड आणि त्यातून वर आलेले तांब्याचे दोन नाग.

"ह्या बॅटरीच्या डब्यात बारा आत्मे हायेत," भैरू सांगायचा. "बारा राशींचे बारा. येक रुसला की सगळे गप."

मग तो बॅटरीची टोकं नागांच्या फण्यांना टेकवायचा, डोळे मिटायचा. चर्रकन ठिणगी उडायची आणि ड्रिल हवेत गरगरायचं. लोक हात जोडायचे. फ्लॅटवर गेल्यावर ते चार स्क्रूंतच बंद पडलं, तर वाटेत कुणाची तरी नजर लागलेली असायची. परत आणा, परत नारळ फोडा.

माझं हिंजवडी रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान. बॅटरीचा डबा उघडायचा, जुने बारा सेल काढायचे, नवे पट्टीने जोडून बसवायचे, हे माझं काम. त्याला अख्खा दिवस लागतो, महाराजांना एक मिनिट. माझी गिऱ्हाइकं गेली, तरी मी हसत होतो. कारण ही विद्या भैरूने माझ्याच दुकानात पाहिली होती. तेव्हा तो एका ठेकेदाराची जीप चालवायचा. कुणाला फार घाई असली, की मी मेलेल्या सेलला मोठ्या बॅटरीचा झटका द्यायचो आणि बजावायचो, "हे संध्याकाळपर्यंतच चालेल." भैरूने झटका उचलला, बजावणं सोडून दिलं. महिनाभर मी गंमत बघत बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

एका सकाळी चहाच्या टपरीवर वाल्मीक सुतार भेटला. त्याचे वडील कुशाबा यांच्या छातीत आठ वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला. त्याची बॅटरी संपत आली होती आणि डॉक्टरांनी तो बदलायची तारीख दिली होती.

"आबांचं ऑपरेशन झालं का?" मी विचारलं.

"न्हाई केलं. म्हाराजांनी छातीतली बॅटरी बी भरून दिली. कापाकापी कशाला?"

"तब्येत कशी आहे?"

"काल दोनदा चक्कर आली. म्हाराज म्हनले, भरताना तसं हुतं. आज पारावरच बसवलंय त्यास्नी."

मी चहा तसाच ठेवला. दुकानातून एक फळी आणि मूठभर स्क्रू घेतले आणि वाल्मीकला गाडीवर मागे बसवून पार गाठला.

कुशाबा बुंध्याला टेकून बसले होते, उघड्या छातीवर अंगारा. ओठ निळसर पडले होते. मी म्हटलं, "वाल्मीक, आधी यांना दवाखान्यात ने."

"म्हाराजांना इचारतो."

म्हणजे आधी महाराजांचाच निकाल लावणं भाग होतं. मी नुकतंच जिवंत झालेलं एक ड्रिल उचललं आणि फळी पुढे ओढली.

"हितं लाकडाला भोक पाडायचं न्हाई," भैरू ओरडला. "झाडाला वेदना हुत्यात."

हा त्याचा नियम सगळे सुतार महिनाभर पाळत होते. आयुष्यभर लाकडात हत्यार चालवणाऱ्या माणसांनी पारावरून निघण्याआधी हत्यार लाकडात चालवून पाहिलंच नव्हतं.

मी सावलीबाहेर रस्त्यावर जाऊन फळी ठेवली. पहिला स्क्रू गेला. दुसऱ्याला ड्रिल कण्हलं. तिसरा अर्ध्यात अडकला आणि ड्रिल थांबलं. मी परत येऊन भैरूला पेटीवरून उठवलं आणि झाकण उघडलं. आत दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांच्या तारा वर नागांना जोडलेल्या.

"जुन्या सेलमध्ये केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि वीज आतल्या आत वाया जाते," मी सांगितलं. "झटक्याने तंतू जळतात, थोडी वीज भरते. रिकामं ड्रिल फिरायला तेवढी पुरते. सेल म्हाताराच राहतो. आणि छातीतल्या यंत्रात तर बाहेरून काहीच भरता येत नाही. ते बदलावंच लागतं."

वाल्मीक फळीतल्या तिसऱ्या स्क्रूकडे बघत होता. मग तो वडिलांकडे धावला. "आबा, उठा. दवाखान्यात जायाचं."

कुशाबांनी डोळे अर्धे उघडले. त्यांना उभं राहता येईना.

माझ्या दुचाकीवर त्यांना नेणं शक्य नव्हतं आणि पारापाशी चारचाकी एकच होती, भैरूची जीप. आम्ही दोघांनी कुशाबांना उचलून तीत झोपवलं. वाल्मीकने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. जीपची बॅटरी त्या पेटीतच होती, नागांना जोडलेली. ती सोडवून जीपमध्ये बसवेपर्यंत वीस मिनिटं गेली. ज्यांनी महिनाभर तिला नारळ फोडले, तेच सुतार तिचे नट आवळत होते. भैरू तेवढ्यात शेतातून पळाला.

दवाखान्याच्या वाटेवर, वाकडच्या अलीकडे कुशाबा गेले.

तेराव्यानंतर वाल्मीक दुकानात आला. ड्रिलची बॅटरी टेबलावर ठेवून म्हणाला, "बारा बी सेल बदला. दोन दिस लागले तरी चालंल." मग दारातून तो परत वळला. "मी सुतार हाय, सर. येक स्क्रू घालून बघायचं मला सुचलं न्हाई."

मलाही फळी घेऊन जायला महिना लागला होता. म्हणून सांगतो, कुणी काही फिरवून दाखवलं तर हात जोडण्याआधी ते लाकडात चालवून बघा. जिथे चालवून बघायला मनाई असेल, तिथून आपलं माणूस उचला आणि डॉक्टरांकडे न्या. आणि ज्यांना खोटं कळलेलं असतं, त्यांनी माझ्यासारखं हसत बसू नये.