सुईखालची धडधड

“मोजेसुद्धा?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“मोजेसुद्धा,” मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं.

बिचाऱ्यांनी भिंतीला हात टेकला, एका पायावर उभे राहिले आणि मोजे काढले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. खरं सांगायचं तर मोज्यांनी आमच्या यंत्राला काडीचाही फरक पडत नाही. खोलीत कुणी धपधप चाललं, खोकललं, खुर्ची सरकवली तर पडतो. पण आठवड्यापूर्वी याच गृहस्थांनी, लोकांना प्रयोगशाळा दाखवायच्या माझ्या खुल्या दिवसाला भर बैठकीत ‘पोरखेळ’ म्हटलं होतं. मग निदान अनवाणी तरी चालावं की नाही माणसानं!

“बारा वाजता समिती येतेय,” ते कुजबुजले. त्या खोलीत सगळेच कुजबुजतात. “त्यांना यंत्र चालताना बघायचंय. जुनी चित्रं दाखवून भागणार नाही. नाही चाललं, तर ही खोली जाते आणि यंत्र गोदामात. मी काही करू शकणार नाही.”

‘करू शकणार नाही’ म्हणताना माणसाचा आवाज जरा तरी उतरायला हवा. यांचा चढला. खोलीवर त्यांचा डोळा आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता हे यंत्र काय, ते सांगते. एक सुई. तिचं टोक इतकं बारीक, की शेवटी एकच अणू उरतो. ही सुई धातूच्या तुकड्यावरून फिरवायची, पण टेकवायची नाही. मधे जी फट राहते, तिच्यातून विजेचे कण पलीकडे जातात. वाट नसताना जातात. शाळेतली पोरं विचारतात, “वाटच नाही, तर जातात कसे?” मी म्हणते, “दार बंद असताना तुम्ही वर्गातून कसे सटकता?” पोरांना लगेच कळतं, मास्तरांना जरा उशिरा. फट केसाच्या लाखाव्या भागाइतकी कमी-जास्त झाली तरी कणांची संख्या बदलते. त्यावरून खालचे अणू ओळीमागून ओळ पडद्यावर उमटत जातात. त्याच सुईनं एखादा अणू ढकलून हलवताही येतो.

बावीस वर्षं मी दोनच कामं करतेय. अणू ढकलायचे, आणि ते कसे ढकलले हे लोकांना सांगत फिरायचं. माझ्या पहिल्या जाहीर भाषणाला वाचनालयात चार माणसं होती. दोघं शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत होते, तिसरा झोपला होता, आणि चौथ्याकडे वाचनालयाच्या किल्ल्या होत्या. किल्लीवाल्यानं शेवटी एक प्रश्न विचारला, “अजून किती वेळ?” तिथून सुरुवात. आज आमच्या बोळकांडीत अडीचशे माणसांची रांग लागते, तेव्हा मी उगाच नाही मिरवत.

पण त्या दिवशी मिरवण्यासारखं काही नव्हतं. सात आठवड्यांपासून चित्रावर लाटा येत होत्या. अणू दिसायच्या जागी नुसती खळबळ, जणू कुणीतरी टेबल हलवतंय. आमच्या तंत्रज्ञाच्या मागच्या खिशात कायम पाना असतो, म्हणून त्याला सगळे पानाच म्हणतात. त्यानं आणि मी मिळून इमारतीतल्या एक्केचाळीस यंत्रांची यादी केली आणि एकेक बंद करून बघितलं. लिफ्ट, फ्रीज, पंखे. कॉफीचं मशीन बंद केलं, तेव्हा तीन प्राध्यापक रडकुंडीला आले. तळघरातल्या थंड पाण्याच्या पंपावर अख्ख्या इमारतीचे संगणक जगतात, तो बंद करता येईना. म्हणून तो कंपनं मोजायचं मीटर लावून तपासला. ठणठणीत. लाटा मात्र जागच्या जागी.

समिती आणि खुला दिवस एकाच तारखेला यावेत, हा योगायोग विभागप्रमुखांनी स्वतःच्या हातानं घडवला होता. लोकांना खोलीत सोडता येत नाही, म्हणून मी सुईच्या विजेची तार ओढून बाहेर एका जुन्या स्पीकरला जोडली होती. त्यातून कणांची सळसळ ऐकू यायची. आणि सळसळीच्या मधे आमचं दुखणं: धप्... धप्... धप्.

“ही धडधड कसली?” पहिल्याच घोळक्यातल्या एकानं विचारलं.

आता काय सांगू? आमचं यंत्र आजारी आहे म्हणून? माझ्या जिभेला हाड नाही. “हे अणूचं काळीज,” मी ठोकून दिलं.

लोक खूश! एकीनं तर आपल्या मुलीला पुढे ढकललं, “ऐक गं, काळीज ऐक.” पुढच्या घोळक्यालाही तेच ऐकवलं. तिसऱ्या घोळक्यात माझी मावशी होती.

आईची धाकटी बहीण. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत. तिथली धुण्याची मशीनं खोलीएवढाली. त्यांच्या घरघरीत तिचे कान गेले, म्हणून ती बोलते ते आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी तिला दरवर्षी बोलवायचे. दरवर्षी तिचं एकच: “जे दिसतच नाही, ते बघायला कशाला येऊ?” आदल्या दिवशी फोनवर मी रडतरडत सांगितलं, की खोली जातेय. तेव्हा म्हणाली, “जाणारच असेल, तर एकदा बघून घेते.”

ऐकू येईना म्हणून तिनं सरळ स्पीकरवर तळवा ठेवला. मी माझं काळजाचं पुराण लावलं होतं. ती डोळे मिटून उभी.

“काळीज कसलं? बेअरिंग आहे हे,” ती ओरडली.

सगळे हसले. मी पण हसले.

“दात काय काढतेस? खोटं कशाला सांगतेस माणसांना? हे कुठलं तरी बेअरिंग खाल्लंय. सावकाश फिरतंय, आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा लंगडतंय. पंप आहे का तुमच्याकडे?”

“आहे. पण तो तपासला गं.”

“कुणी?”

“मीच.”

“मग परत तपासायला हवा,” मावशी म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच कार्यक्रमात.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी लोकांना हात जोडले, “काळीजबिळीज काही नाही, मी थाप मारली. यंत्रात दोष आहे, तो शोधून येते. थांबा.” पाना पुढे, मावशी मधे, मी मागे, असे आम्ही जिन्याकडे निघालो. आणि आमच्या मागून, बूट आतच राहिलेले विभागप्रमुख, अनवाणी.

“बाहेरच्या व्यक्तींना तळघरात नेता येत नाही!”

“काय म्हणतायत ते?” मावशीनं विचारलं.

“सावकाश उतरा म्हणतायत,” मी म्हणाले.

तळघरात दोन पंप शेजारी-शेजारी. एक चालू, दुसरा राखीव, म्हणजे बंद. चालू पंप नुसता घुमत होता. मावशीनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“अहो मावशी, चालू पंप हा इकडे,” पाना म्हणाला.

“हा पळतोय. तुमचा तो लंगडा कुठंय?” असं म्हणत तिनं दुसऱ्या पंपावर हात ठेवला. मग हात न काढता माझ्याकडे बघितलं. “हा फिरतोय.”

“बंद आहे तो,” पाना म्हणाला. “बटण बघा ना.”

“बटणाला काय विचारतोस? त्याला विचार.”

पान्यानं खिशातून पाना काढला आणि मधल्या दांड्यावरचं झाकण सोडवलं. आत दांडा फिरत होता. हळूहळू, आरामात. आणि उलटा.

मावशीला त्यात काहीच नवल नव्हतं. “आमच्या गरम पाण्याच्या पंपाचं हेच व्हायचं. पाणी मागे येऊ नये म्हणून आत एक झडप असते. ती झिजली, की चालू पंपाचं पाणी बंद पंपातून मागे घुसतं आणि त्याला उलटा फिरवतं. नवीन पोरी म्हणायच्या, बाई, भूत आहे. भूत कसलं! याच्या नळावरचा तो चाकाचा व्हॉल्व्ह आवळा आधी.”

माझ्या खिशात यादी होती. सतरावा क्रमांक, राखीव पंप. पुढे माझ्याच अक्षरात: ‘बंद आहे. तपासायची गरज नाही.’ खाली माझी झोकदार सही. बंद वाटेतूनही कण जातात म्हणून बावीस वर्षं गावभर सांगत फिरणारी मी! आणि एका बटणानं ‘बंद’ म्हटलं, तर मान डोलावून परत आले होते. मी तिथेच पायरीवर बसून पोट धरून हसले. विभागप्रमुखांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

पान्यानं व्हॉल्व्ह आवळला. दांडा दमल्यासारखा दोनदा डुगडुगला आणि थांबला.

वर आलो तर स्पीकरमधून नुसती सळसळ. स्वच्छ, एकसारखी. मी खोलीत जाऊन बसले. पडद्यावर पहिली ओळ उमटली, दुसरी, दहावी. सात आठवड्यांनी अणू दिसले: एकेक टपोरा, रांगेत बसलेला. मला शीळ घालावीशी वाटत होती, पण त्या खोलीत शीळ घालायची सोय नाही.

बाराला समिती आली. अध्यक्षबाई बारीक अंगाच्या, गळ्यात साखळीचा चष्मा. त्यांना मी मोजे काढायला सांगितलं नाही. कळणाऱ्या माणसाशी थट्टा जपून करावी. त्या आल्या, खुर्ची न ओढता उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत. मी एक अणू निवडला, सुई खाली नेली, सरकवला, सुई वर घेतली, परत चित्र काढलं. अणू एक घर उजवीकडे. मग दुसरा, मग तिसरा. चाळीस मिनिटांत पाच अणूंची सरळ ओळ उभी केली. माझ्या हातून इतकी नेटकी ओळ पूर्वी कधी झाली नव्हती.

“विभागाच्या पत्रात सात आठवड्यांचा दोष लिहिलाय,” अध्यक्षबाई कुजबुजल्या. “कुणी शोधला?”

“आमच्या विभागानं अथक—” विभागप्रमुखांनी सुरुवात केली.

“माझ्या मावशीनं,” मी म्हणाले. “आज सव्वाअकराला. हात लावून. लाँड्रीत होती ती. दोष जिथे होता, तिथे मी ‘गरज नाही’ असं लिहून ठेवलं होतं.” आणि यादी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी सतरावा क्रमांक वाचला. ओठ घट्ट दाबले. हसू आवरायची ती रीत मला चांगली माहितीये. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि विभागप्रमुखांना दाखवलं. त्यांचा उतरलेला चेहरा बघूनच मला कळलं, की खोली राहिली.

“आणि हा खुला दिवस,” त्या दाराशी म्हणाल्या, “वर्षातून एकदाच का? त्या बाईंना भेटता येईल?”

बाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती. स्पीकरपाशी मावशी उभी होती, तळवा त्यावर, आणि तिच्या त्या गल्लीभर आवाजात लोकांना सांगत होती:

“टेकायचं नाही सुईनं. टेकली की टोक गेलं. झोपलेल्या तान्ह्या बाळाला ताप आहे का बघताना आपण हात कसा धरतो? अंगाला लावत नाही, जाग येईल म्हणून. पण कळतं की नाही वरच्यावर? तसं.”

मी पुढे झाले. ऊब वेगळी आणि विजेचे कण वेगळे, एवढं तरी सांगायला हवं होतं.

“मावशी, तसं नाही गं ते—”

रांगेतल्या शेवटच्या बाईनं वळून ओठांवर बोट ठेवलं. “श्श! मॅडम सांगतायत.”

मी तोंड मिटलं आणि तिच्यामागे रांगेत उभी राहिले. अध्यक्षबाई माझ्यामागे.