भरल्याशिवाय न सुटणारी जीप

ढाणकीच्या नासिरभाईंनी पिठाच्या गिरणीचा खर्च कमी करायचं मनावर घेतलं. आधी त्यांनी गिऱ्हाइकांचा चहा बंद केला, मग दारावरचा दिवा, आणि शेवटी गिरणीच. ती फक्त बाजाराच्या दिवशी चालू लागली. एवढी काटकसर करूनही गाळ्याचं भाडं तेवढंच राहिलं, आणि विजेच्या बिलातला ‘स्थिर आकार’ घरजावयासारखा काम न करता बसून खात राहिला.

“आता गिरणी विकूनच टाकतो,” ते बायकोला म्हणाले.

“विका,” जैबुनबी शांतपणे म्हणाल्या. “मंग घरी बसून माह्या सैपाकाचा खर्च कमी करसान.”

उमरखेडला गिऱ्हाईक इसार घेऊन तयार होतं. नासिरभाई स्टँडवर धम्मदीपच्या काळीपिवळी जीपमध्ये जाऊन बसले. जीप हलेना.

“चाल ना बाप्पा, उशीर होऊन राह्यला.”

“दोन सीटा खाली हायेत, नासिरभाई.”

“नऊ जण तं बसले!”

“डिझेल नवालेही तेवढंच, अकरालेही जवळपास तेवढंच. अन् हप्ता तं गाडी उभी राह्यली तरी पडतेच. खाली सीट कायले फिरवू?”

तेवढ्यात एक म्हातारी आली. तिच्याकडे अर्धंच भाडं होतं. धम्मदीपनं तिला सरकारी पाहुण्याच्या इतमामानं आत कोंबलं.

नासिरभाई म्हातारीकडे बघत राहिले. आपली गिरणी सहा दिवस रिकामी उभी, भाडं मात्र सातही दिवसांचं. अर्ध्या दरात दळलं, तरी चालवायची वीज सुटून वर चार पैसे भाड्याच्या कामी येतील.

ते खाली उतरले.

“अरे, पुन्हा दोन सीटा खाली झाल्या ना!” धम्मदीप ओरडला.

दुसऱ्या दिवसापासून दिवा लागला, चहा उकळला. सकाळी पीठ नेहमीच्या दरात, रिकाम्या दुपारी ढोरांचा भरडा अर्ध्या दरात. आठवडाभरात फुलसावंगीच्या दूधवाल्यांचाही निरोप आला: मका आहे, पण पोती आणायची कशी?

नासिरभाई धम्मदीपकडे गेले.

“टपावरच्या पोत्याचं पूर्ण भाडं पडीन,” धम्मदीप म्हणाला.

“टप खाली गेला तरी डिझेल जवळपास तेवढंच ना रे?”

धम्मदीपनं टपाकडे पाहिलं. टप खरोखरच रिकामा होता.

“तुमाले त्या दिवशी जीपमंधी बसू द्यायलेच नोतं पायजे,” तो म्हणाला आणि दोर शोधायला लागला.