सात दिवसांचा कागद

मित्रांनो, मी एक जुना धूरमापक आहे. जुना म्हणजे थकलेला नव्हे. माझा पत्रा गंजला, पण राग जसाच्या तसा आहे. इतर वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी सर्वांना क्षमा करतात. मी डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी रचना साधी आहे. पोटातला छोटा पंप हवा ओढतो. वरच्या गोल डब्याला कागद गुंडाळलेला असतो. डबा सात दिवसांत एक फेरी पूर्ण करतो आणि हवेत धूर असेल तशी शाईची लेखणी रेघ वर-खाली ओढते. ज्या कारागिराने मला जुळवले, त्याने मला रेघ ओढायला शिकवले. कुणाच्या बाजूने ओढायची, ते काही शिकवले नाही.

मला कामाला लावले प्रदूषण खात्याच्या साहेबांनी. एका कारखान्याच्या भिंतीला लागून दोनशे घरांची वस्ती होती आणि कारखान्याला वाढायला तीच जागा हवी होती. साहेबांनी मला वस्तीतल्या इस्त्रीवाल्या मावशीच्या छपरावर बसवले, कारण तेवढेच छप्पर पक्के होते. महिन्याभराने त्यांनी अहवाल लिहिला. वस्तीतल्या चुलींनी आणि मावशीच्या कोळशाच्या इस्त्रीने हवा बिघडली आहे, सबब वस्ती उठवावी. कारखान्याच्या धुराड्याचे नावही त्यात नव्हते. आणि पुरावा कोण, तर मी! वर साहेबांनी माझी पाठ थोपटली. तो हात मी विसरलेलो नाही.

माझा कागद बदलायचे आणि शाई भरायचे काम मावशीकडे होते. तिला आकडे वाचता येत नसत, पण कपड्यावरचा डाग तिच्या नजरेतून सुटत नसे. दोरीवरचे सदरे दुपारी बारानंतर काळवंडतात, हे तिला कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. माझी रेघही त्याच वेळी उभी चढते, हे आता तिने पाहिले. त्या वेळी वस्तीत एकही चूल पेटलेली नसे, कारण सकाळीच स्वयंपाक उरकून सगळे कामाला गेलेले असत.

तिने बायकांना जमवले आणि एक अख्खा कागद भरेपर्यंत कुणी चूल पेटवायची नाही, असे सांगितले. बरीच कुरकुर झाली. पण घरच गेले तर चूल मांडणार कुठे, असे मावशीने विचारले आणि एकेक चूल विझली. सात दिवस वस्तीने पाव, केळी आणि भिजवलेली कडधान्ये खाल्ली. तान्ह्यांचे दूध पार बाजारातून तापवून यायचे. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका रोज दुपारी घरोघर फिरून, चुलीत हात घालून बघत आणि वहीत सही करत. मावशीने इस्त्रीही विझवली, तेव्हा तिचे गिऱ्हाईक दुसऱ्या इस्त्रीवाल्याकडे वळले.

सर्वांत चिडले ते मावशीचे यजमान. ते तीस वर्षे त्या कारखान्याच्या भट्टीवर होते आणि आता एका वाक्यात चारदा खोकत. भट्टीने पोसले, तिच्यावरच उठलीस, असे म्हणून त्यांनी बायकोशी अबोला धरला.

"पोसलं असेल," मावशी म्हणाली. "पण हा खोकला कुणी दिला?"

मी मात्र त्या आठवड्यात जीव ओतून काम केले. चुली थंड, इस्त्री थंड, आणि रोज बाराच्या ठोक्याला माझी लेखणी सरसर वर! कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तेवढी ती आडवी पडून राहिली. प्रत्येक रेघ ओढताना मला साहेबांचा हात आठवे आणि फार बरे वाटे.

वस्ती उठवायची की नाही, याच्या सुनावणीला साहेब, त्यांच्या वरचे मोठे साहेब आणि कारखान्याचे मॅनेजर होते. मलाही टेबलावर ठेवले होते. मावशीने आधी एवढेच विचारले, "साहेब, हे यंत्र खोटं बोलतं का हो?"

"छे, यंत्र कशाला खोटं बोलेल?"

मग तिने कागद पसरला आणि शेजारी मुख्याध्यापिकांची वही ठेवली. साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. मॅनेजर सावरून म्हणाले, की धूर रस्त्यावरच्या गाड्यांचाही असू शकतो. तेव्हा मागच्या बाकावरून मावशीचे यजमान उठले. काठी टेकत आले आणि त्यांनी रेघेच्या टोकावर बोट ठेवले.

"ही माझ्या पाळीची वेळ. बारा ते दोन प्रदूषण खात्याची जेवणाची सुट्टी. तपासायला कुणी फिरकत नाही, म्हणून तेव्हा भट्टीत जुने टायर टाकायला लावायचे. तीस वर्षं मी टाकले, आता दुसरा टाकतो. हिच्या दोरीवरचे कपडे मीच काळे केलेत."

मावशीने त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

वस्ती राहिली. भट्टीला टाळे लागले. मॅनेजरांनी तेव्हा पुसलेला घाम आठवला, की आजही मला गुदगुल्या होतात. साहेबांनी मला नादुरुस्त ठरवून भंगारात काढले, तिथून मावशीने मला परत आणले. यजमान मात्र पुढचे वर्ष पाहू शकले नाहीत. म्हणून माझा राग शमलेला नाही.

आता कारखान्याने तसलीच भट्टी नदीपलीकडे, दुसऱ्या एका वस्तीला खेटून पेटवली आहे. तिथल्या दोऱ्यांवरचे कपडे दुपारी काळे पडू लागले आहेत. मित्रांनो, मला पुसून कपाटात मांडू नका. पंपात दोन थेंब तेल सोडा, शाई भरा, कोरा कागद गुंडाळा आणि मला तिकडे घेऊन चला. आणि या वेळी मला कुणा मावशीच्या छपरावर नको, कारखान्याच्या दारासमोर बसवा.